स्टीलचे शाफ्ट टाकले, मग डिफ गेला: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी रिमोटवर चालणारी, १/१० स्केलची मॉन्स्टर ट्रक, फोर व्हील ड्राइव्ह, ब्रशलेस मोटरची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं सारखंच असतं. मोटर ३२०० केव्हीची, म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला ३२०० फेरे. टू-एस लायपो बॅटरीवर (दोन सेल, ७.४ व्होल्ट) हिशेब चोवीस हजारांच्या आत राहतो; थ्री-एस (तीन सेल, ११.१ व्होल्ट) लावली की साडेपस्तीस हजार. खोक्यावर ‘थ्री-एस चालते’ असं छापलेलं होतं. चालते की! शाफ्ट (चाकांपर्यंत जोर पोचवणारे दांडे) तेवढे चालत नाहीत.

तिसऱ्याच आठवड्यात मुरमाच्या ढिगाऱ्यावरून उडी मारली आणि गाडी खाली आल्यावर मागचं उजवं चाक मरून पडलं. उघडून बघतो तर प्लॅस्टिकचा सरकता शाफ्ट पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा झालेला. चूक माझीच होती. हवेत बोट थ्रॉटलवर दाबलेलं राहिलं. मॉन्स्टर ट्रकची चाकं मोठी आणि जड, ती पूर्ण वेगात फिरत असतात आणि जमिनीला टेकताक्षणी एकदम अडतात. तो सगळा झटका शाफ्टच्या अंगावर येतो. खाली येण्याआधी थ्रॉटल सोडायचा, हे कळायला मला तीन शाफ्ट लागले.

मग चारही चाकांना स्टीलचे सीव्हीडी शाफ्ट (चाक वळलं तरी एकसारखे फिरणारे, सांध्याचे) घेतले. साडेसहा हजार गेले. (भारतात हा छंद महाग का, तर आयात शुल्क: खेळण्यांवर २०२० मध्ये २० टक्क्यांचं ६० झालं, २०२३ मध्ये ७०. बायकोला हे आकडे सांगून उपयोग झाला नाही.) फरक पहिल्याच बॅटरी पॅकला जाणवला. स्टिअरिंग पूर्ण वळवून थ्रॉटल दिला की पुढची चाकं जी थरथरायची, ते थांबलं. एकच काळजी घ्या: सांध्यातली पिन ज्या ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने) धरलेली असते, तो काढून, पुसून, निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावून परत बसवा. मी एकाचं विसरलो. स्क्रू आणि पिन दोन्ही गवतात गेले, अजून तिथंच असतील. थ्रेडलॉक फक्त धातूवर धातू असेल तिथंच, प्लॅस्टिकला लागलं तर काही प्लॅस्टिकला तडे जातात.

दीड महिना सुखात गेला. मग एके दिवशी मागून ‘कटकटकट’.

डिफचं, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणाऱ्या डिफरन्शिअलचं, झाकण काढलं तर ग्रीस काळंकुट्ट, त्यात चंदेरी चुरा, आणि क्राऊनचे (मोठ्या गिअरचे) सलग तीन दाते गायब. गंमत अशी की आधी शाफ्ट मोडायचा म्हणून डिफ वाचायचा. शाफ्ट मोडेना, तेव्हा झटका एक पायरी आत गेला. आणि मी आणखी एक शहाणपणा केला होता. स्लिपर क्लच (झटका आला की घसरून तो पचवणारा भाग) सुरुवातीला जरा घसरतो, त्याचा ‘झुईं’ आवाज मला आवडायचा नाही, म्हणून नट पार आवळून टाकला होता. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याजागी जाड तार घालणारी माणसं असतात ना, त्यातला मी एक.

नवीन क्राऊन आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन बसवताना या वेळी शिम (पातळ चकती) टाकली. डिफची खोळ प्लॅस्टिकची असते, जोर आला की ती किंचित फाकते, क्राऊन पिनियनपासून दूर सरकतो आणि दाते नुसत्या टोकांवर अडकतात. क्राऊनच्या पाठीमागे पातळ शिम घालून तो पिनियनकडे ढकलायचा. आधी ०.२ मिमीची घातली, तर हाताने फिरवताना करकर लागायला लागली. ती काढून ०.१ची घातली. आता चिमटीत धरून फिरवला की जेमतेम जाणवेल एवढाच प्ले (ढिलेपणा) आहे. हे काम घाईचं नाही, माझा एक रविवार गेला. आत दहा हजार सीएसटीचं (हे तेलाच्या दाटपणाचं माप) सिलिकॉन तेल भरलं. पातळ तेलात भार कमी होऊन हलकं झालेलं चाकच भिरभिरत राहतं आणि टायर फुग्यासारखा फुगतो.

स्लिपर आता नट पूर्ण आवळून दीड फेरा सैल. डांबरी रस्त्यावर एकदम थ्रॉटल दिला की साधारण फूटभर घसरतो, मग पकडतो. तो आवाज आता ऐकायला बरा वाटतो.

गिअरिंगबद्दल थोडक्यात: ५४ दात्यांच्या स्परवर (मोटर जे मोठं दातेरी चाक फिरवते ते) मोटरचा १३ दात्यांचा पिनियन होता, तो काढून ११चा टाकला. सर्वाधिक वेग कमी झाला, पण पॅक संपताना मोटर ८५ अंशांवर जायची ती आता ६५च्या आसपास असते. पिनियन घेताना दात्यांचं माप आणि मोटरच्या शाफ्टची जाडी, दोन्ही बघा. मी ५ मिमी भोकाचा मागवला, माझ्या मोटरचा शाफ्ट ३.१७चा. दात्यांमधली फट लावायला वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरायची, मोटर टेकवून स्क्रू आवळायचे, पट्टी फिरवून बाहेर काढायची. पट्टीवर दात्यांचे ठसे उमटले पाहिजेत, ती फाटता कामा नये. स्पर मात्र प्लॅस्टिकचाच ठेवलाय. स्टीलचा मिळतो, पण मग मोडायला स्वस्त असं काय उरणार?

पैसे वाया गेले ते ॲल्युमिनियमच्या हब कॅरिअरवर (चाकाचं बेअरिंग धरणारे भाग). दिसतात झकास. एकदा चाक दगडावर आपटलं, ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. प्लॅस्टिकवाले वाकून परत जागेवर आले असते. जुने परत लावलेत.

टामियाच्या १९८७ सालच्या क्लॉड बस्टरमध्ये दोन मोटरी थेट ॲक्सलवरच बसवलेल्या होत्या, पुढे एक, मागे एक. पुढचं-मागचं जोडणारा मधला शाफ्टच नाही. तुटलेले तुकडे मोजताना ती गाडी मला हमखास आठवते.

पावसाळ्यात दोन बेअरिंग गंजून जाम झाली, ५×११×४ची, पुढच्या चाकांची. रबर सील असलं तरी चिखलातून आल्यावर सुकवून तेलाचा थेंब सोडावाच लागतो. अख्खा सेट बदलला, चारशेच्या आत काम झालं. खर्चाच्या मानाने सगळ्यात चांगला बदल कुठला म्हणाल तर हाच. मधला प्लॅस्टिकचा शाफ्ट अजून कंपनीचाच आहे. तो बदलणार नाही. दोन जादाचे डब्यात आहेत, गेल्या चार महिन्यांत एकच लागला.