दोन फोन आणि एक सुतळी: स्प्रिंटटायमर तालुक्याच्या मैदानावर

स्प्रिंटटायमर हे फोनच्या कॅमेऱ्याने धावण्याची वेळ घेणारं ॲप आहे. 100 मीटरसाठी घ्या, 1600 साठी नको. घाईत असलेल्यांचं काम एवढ्यात झालं. पोलीस भरतीची अकॅडमी चालवणाऱ्यांनी आणि तालुका स्पर्धा अंगावर पडलेल्या पीटी सरांनी मात्र पुढचंही वाचावं. हे ॲप चुकीचं लावलं तर स्टॉपवॉचपेक्षा वाईट आकडे देतं, आणि ते दोन दशांश स्थळांपर्यंत दिसत असल्यामुळे कोणी शंकाही घेत नाही.

ॲपचं काम समजायला सोपं आहे. फिनिश लाइनच्या अगदी सरळ रेषेत फोन लावायचा. व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेममधून ॲप फक्त रेषेवरची उभी पट्टी घेतं आणि पट्ट्या एकीला एक जोडत चित्र तयार करतं. चित्रात आडव्या दिशेला मैदान नसतं, वेळ असते. बोटाने उभी रेघ सरकवून धावपटूच्या धडावर आणली की त्याची वेळ वाचता येते. धडावर म्हणजे धडावरच. पुढे आलेला हात, डोकं, मान, पाय यांना नियमात किंमत नाही. पालक फोनवर वाकून "आमच्या पोट्ट्याचा हात आधी आहे" म्हणणारच. त्यांना हे शर्यतीआधीच सांगून ठेवलेलं बरं.

मोठ्या स्पर्धांतले फोटो-फिनिश कॅमेरे हेच काम सेकंदाला हजारांहून जास्त पट्ट्या घेऊन करतात. या ॲपमध्ये फोन 30, 60 किंवा 120 वर चालतो. सेकंदाला 9 मीटर वेगाने येणारा मुलगा 30 फ्रेमला दोन पट्ट्यांच्या मध्ये 30 सेंटिमीटर पुढे सरकतो, 60 ला 15 आणि 120 ला साडेसात. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये 400 मीटर अडथळा शर्यतीत पी. टी. उषाचे 55.42 झाले आणि कांस्यपदक 55.41 ला गेलं. तो एक शतांश सेकंद 60 फ्रेमच्या फोनच्या आवाक्यात नाही, कारण दोन फ्रेममधलं अंतरच 0.017 सेकंद आहे. म्हणून सेटिंगमध्ये जितका जास्त फ्रेमरेट मिळेल तितका घ्या. दोघांत 0.02 पेक्षा कमी फरक दिसला तर वेळेवरून भांडू नका, चित्र मोठं करून फक्त क्रम ठरवा.

मग स्टॉपवॉच काय वाईट? कॅसिओचं एचएस-3 शतांश सेकंद दाखवतं, पण दाबणारा अंगठा तेवढा अचूक नसतो. नियमाप्रमाणे हाताची वेळ वरच्या दशांशात न्यायची असते, म्हणजे 11.32 चे 11.4 होतात. घड्याळवाले तीन हवेत, मधली वेळ धरायची, आणि घड्याळ पिस्तुलाचा धूर किंवा झोत दिसताच सुरू करायचं, आवाजावर नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पिस्तूल नसतंच, शिट्टी असते, आणि घड्याळवाला फिनिशला उभा राहून शिट्टी ऐकून बटण दाबतो. आवाजाला 100 मीटर यायला 0.28 सेकंद लागतात. वर अंगठ्याचा उशीर. धूर पाहून नीट घेतलेली हाताची वेळसुद्धा 100 मीटरला यंत्रापेक्षा साधारण 0.24 ने कमी धरतात. शिट्टीवर घेतलेली अर्ध्या सेकंदाने कमी निघते. अकॅडमीच्या फळ्यावरचे 11.4 यंत्रावर 11.9 होतात ते असे. पोलीस भरतीत मुलांना 100 मीटरचे पूर्ण 15 गुण 11.50 किंवा त्याच्या आत मिळतात, तेव्हा हा अर्धा सेकंद साधा नाही. 400 मीटरपर्यंतच्या विश्वविक्रमांना 1977 पासून हाताची वेळ चालत नाही, ती याचसाठी.

ॲपचा खरा कस स्टार्टला लागतो. एकच फोन फिनिशला ठेवून त्याच्या माईकवर शिट्टी पकडली तर वर सांगितलेले 0.28 सेकंद इथेही खाल्ले जातात. आकडा ठरलेला असल्यामुळे ते नंतर हाताने बेरीज करून घेता येतात. हिवाळ्यात पहाटे 0.29, मे महिन्यात 0.28, एवढाच फरक. पण लाउडस्पीकरवर सूत्रसंचालन सुरू असेल तर माईक कशानेही सुरू होतो. दुसरा फोन स्टार्टरजवळ ठेवून 'स्टार्ट सेंडर' वापरणं हाच योग्य मार्ग. दोन्ही फोनची घड्याळं आधी आपसांत जुळतात, मग स्टार्टचा क्षण फिनिशच्या फोनकडे जातो. स्टार्टचा फोन क्लॅपरपासून, म्हणजे एकमेकींवर आपटायच्या दोन फळ्यांपासून, हातभर अंतरावर हवा. शिट्टीपेक्षा लाकडी क्लॅपर केव्हाही चांगला, कारण त्याचा आवाज एकदम उठतो. शिट्टी हळूहळू चढते आणि माईक ती कधी लवकर पकडतो, कधी उशिरा.

अडचण नेटवर्कची. गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यांत मोबाईल डेटावर विसंबू नका. हॉटस्पॉटही जमिनीलगत ठेवलेल्या फोनवरून 100 मीटर नीट पोचत नाही. छोटा वायफाय राउटर पॉवरबँकेवर लावून 50 मीटरच्या खुणेजवळ माणसाच्या उंचीवर टांगला की दोन्ही बाजूंना पुरतो. इंटरनेट नसलं तरी चालतं.

मांडणीत घाई करू नका. फिनिशच्या फक्कीच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून सुतळी ताणा, अलीकडच्या कडेवर, म्हणजे धावणारा आधी जिथे पोचतो त्या कडेवर. ट्रायपॉड शेवटच्या लेनपासून चार-पाच मीटर बाहेर, सुतळीच्या रेषेत. फोनच्या पडद्यावर दोन्ही खुंट्या एकामागे एक लपल्या आणि ॲपची रेघ त्यांच्यावर बसली तरच जागा बरोबर. एक अंशाचा तिरकसपणा सहा लेनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 13 सेंटिमीटर होतो, आणि मग कडेच्या लेनमधल्याला फुकटात 0.014 सेकंद मिळतात किंवा त्याचे जातात. उंची दीड-दोन मीटर ठेवा, नाही तर जवळच्या लेनमधला पलीकडच्यांना झाकतो. शाळेचा बाक पुरतो, पण बाकावर कोणाला बसू देऊ नका. दर्यापूर-अकोटकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात ट्रायपॉडचे पाय दर शर्यतीला थोडे थोडे रुततात. पायांखाली विटा ठेवा आणि दर दोन-तीन हीटनंतर सुतळीशी रेघ पुन्हा पडताळा.

शर्यतीआधी शून्याची चाचणी घ्या. फिनिशचा फोन जागेवर राहू द्या, स्टार्टचा फोन आणि क्लॅपर फिनिशलाच आणा आणि कॅमेऱ्याच्या रेषेत क्लॅपर वाजवा. चित्रात फळ्या मिटतात तो क्षण 0.00 ला यायला हवा, 60 फ्रेमवर फार तर 0.02 इकडे-तिकडे. 0.1 किंवा जास्त फरक आला तर घड्याळं जुळलेली नाहीत, पुन्हा जुळवा. मोठ्या स्पर्धांतही अधिकारी पिस्तुलाने हेच करतात. इथे दोन मिनिटांचं काम आहे आणि तरी तेच बहुतेक ठिकाणी राहून जातं.

अंधार आणि ऊन या दोन्हींना फोन भितो. जानेवारीत विदर्भात सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो, आणि भरतीचा सराव पाचला सुरू असतो. अंधारात शटर मंदावतं आणि मुलगा पट्ट्यांत धुरासारखा पसरतो, धड कुठे संपलं ते कळत नाही. चाचणी सातनंतर ठेवा, कॅमेरा मैदानाच्या पूर्वेला ठेवून पश्चिमेकडे रोखा म्हणजे सूर्य भिंगात येत नाही. समोर, लाइनच्या पलीकडे, पांढरी चादर ताणा. काळ्या मातीसमोर गडद टी-शर्टचं धड शोधणं म्हणजे छळ आहे. उन्हाळ्यात आयफोनसाठी कंपनीच 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते. चंद्रपूर-अकोल्याच्या 44-45 अंशांत पडदा मंद होतो, मग कॅमेरा बंद पडतो, तोही बहुधा फायनलच्या वेळी. ओल्या फडक्याची सावली फोनवर धरा, फडकं फोनला गुंडाळू नका.

1600 ला ॲप का नको? तिथे घोटाळा वेळेचा नसतो, फेऱ्यांचा आणि ट्रॅकचा असतो. भरतीत 5 मिनिटं 10 सेकंदांना पूर्ण 20 गुण आहेत, आणि तेवढ्यासाठी साधं स्टॉपवॉच आणि फेऱ्यांवर खुणा करणारी दोन माणसं पुरतात. पण 200 मीटरचा ट्रॅक आखताना टेप थेट आतल्या फक्कीवरून फिरवली जाते, ती चूक आहे. ट्रॅकच्या आतल्या कडेला उंच कठडा नसेल तर अंतर रेषेपासून 20 सेंटिमीटर बाहेरून मोजायचं असतं. सरळ बाजू 40-40 मीटर घेतल्या तर फक्कीची त्रिज्या 18.90 मीटर हवी. रेषेवरूनच 200 मोजले तर प्रत्येक फेरी सव्वा मीटर जास्त होते, आठ फेऱ्यांत 10 मीटर, म्हणजे साधारण दोन सेकंद पोरांच्या खिशातून जातात. टेप स्टीलची घ्या. उन्हाने ती 100 मीटरला दोन-तीन सेंटिमीटरच वाढते. फायबरची टेप ओढली की त्याहून जास्त ताणते. गोळाफेकीलाही तीच टेप, अर्धवट सेंटिमीटर सोडून द्यायचा.

फोनवर घेतलेल्या या वेळा अधिकृत विक्रमाला चालत नाहीत. निवडीला बसतील अशा वेळा हव्या असतील तर पोरांना नागपूरला मानकापूरच्या सिंथेटिक ट्रॅकवर फोटो-फिनिश असलेल्या स्पर्धेत उतरवा. आपल्या निकालपत्रकात प्रत्येक वेळेसमोर 'फोन' किंवा 'हात' असं लिहून ठेवा. दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे एकाच यादीत लावले की दुसऱ्या तालुक्याचा संघनायक पहिला तेच काढतो.