गचके देणारी सिंगल सिलिंडर: जुना कार्बोरेटर खोलावा की नवा बसवावा?

रेस एका जागी धरलीय, रस्ता सपाट आहे, काटा पन्नास-साठच्या मध्ये आहे, तरीही गाडी ओढते, सोडते, परत ओढते. मागे बसलेल्याचं हेल्मेट दर वेळी आपल्या हेल्मेटवर आपटतं. कार्बोरेटरवाल्या (म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण करून इंजिनला देणारा भाग असलेल्या) 350 सीसीत हे सुरू झालं की गॅरेजमध्ये दोनच सल्ले मिळतात: खोलून किट (आतल्या झिजणाऱ्या भागांचा संच) टाका, नाहीतर सरळ नवा बसवा. माझ्या गाडीवर दोन्ही झालंय. जुन्याचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) मिळेपर्यंत नवा लावून अख्खा पावसाळा काढला, मग जुना परत चढवला.

पैसे कशावरही घालण्याआधी दोष तिथलाच आहे का ते बघा. ढिली चेन अगदी असेच गचके देते. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल, तर झाकण सैल करून थोडं अंतर चालवल्यावर फरक कळतो. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधल्या रबराला उन्हाने बारीक चिरा जातात. गाडी आयडलिंगला ठेवून त्यावर पाण्याचा फवारा मारा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जातेय, म्हणजे आधी रबर बदला. हे सगळं ठीक असेल तर चालत्या गाडीत चोक अर्धा ओढा. गचके थांबले की समजायचं, मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय.

अलीकडे ते कमी पडायला पेट्रोलही थोडा हातभार लावतं. त्यात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पूर्ण जळायला पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पटच. त्यामुळे जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यावर) तेच मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं पडतं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांतलं इंजेक्शन हे सांभाळून घेतं, कार्बोरेटर घेत नाही. त्यात सिंगल सिलिंडर. दोन फेऱ्यांत एकच स्फोट, तो हुकला तर झाकायला दुसरा सिलिंडर नाही.

आता जुना खोलण्याबद्दल. खर्च शेकड्यांत, वेळ मात्र जातो. पन्नास-साठच्या वेगाला पायलट जेटवरच (कमी रेसला पेट्रोल सोडणाऱ्या जेटवर) बरंच काही चालतं आणि त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की बाऊलमधलं (कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं आणि उरलेला चिकट थर तिथेच बसतो. त्यात तार घालू देऊ नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये भिजवून कॉम्प्रेसरची हवा मारली की पुरतं. क्लीनर मारण्याआधी डायफ्रॅम काढून बाजूला ठेवा, नाहीतर रबर फुगतं. मिक्शर स्क्रू (मिश्रण कमी-जास्त करणारा) काढण्याआधी तो हलकेच पूर्ण आत फिरवून किती फेऱ्या बसल्या ते लिहून ठेवा. माझा कार्बोरेटर एवढं झाल्यावर आणि डायफ्रॅम बदलल्यावर सुरळीत झाला, फक्त तो स्क्रू मूळच्यापेक्षा किंचित बाहेर ठेवावा लागला. माझ्या गाडीत स्क्रू इंजिनच्या बाजूला आहे, म्हणून बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर उलटं होतं.

नव्याबद्दल वाईट बोलवत नाही. हजारांत गेला, पण बसवल्या दिवशीच गचके गेले, सकाळी गाडी पहिल्या सेल्फला लागायची आणि पिकअप तर मला जुन्यापेक्षा जरा बराच वाटला. तो कंपनीचा मूळ भाग नव्हता, बाजारातला जुळणारा होता. त्याची केबल अडकवायची पट्टी किंचित वेगळ्या कोनात होती. सरळ रस्त्यावर याचा पत्ताच लागत नाही. पण यू-टर्न घेताना हँडल पूर्ण डावीकडे वळलं की केबल ताणली जायची आणि इंजिन आपोआप रेस व्हायचं. सिंहगड रोडच्या गर्दीत, पाय खाली टेकवत, समोर रिक्षा असताना गाडी स्वतःहून पुढे सरकते तेव्हा सगळं लक्ष क्लचवरच जातं. पार्किंगमधून काढतानाही तेच. केबलला ढिलाई दिली तर पूर्ण रेस उघडत नाही. पट्टी वाकवून बघितली, लांब केबलही टाकली. कमी झालं, गेलं नाही. गचक्यांची सवय करून घेता आली असती कदाचित, याची नाही.

तुमच्या गाडीला बसणारा नवा कार्बोरेटर याबाबतीत चांगला असूही शकतो. आणि एका बाबतीत नव्याला पर्याय नाही. थ्रॉटलचा शाफ्ट (रेस दिल्यावर झडप फिरवणारा दांडा) बोटाने वर-खाली हलवून बघा. खेळ जाणवला तर तिथूनच हवा शिरते आणि कितीही किट टाकलं तरी गचके जाणार नाहीत. नसेल, तर मी तरी आधी जुनाच खोलून घेईन. नवा घ्यायचाच असेल तर दुकानातच बसवून घ्या, आणि पैसे देण्याआधी इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आवाज ऐका.