आर्तुझोववरचं ऑडिओबुक ऐकलं, साडेतीन स्टार

आर्तुर आर्तुझोव कोण हे मला आधी घंटा माहीत नव्हतं, नुसतं सोव्हिएत गुप्तहेर वाचून डाउनलोड केलं आणि दोन रात्री झोप गेली. मूळ आडनाव फ्राउची, बाप स्वित्झर्लंडहून रशियात आलेला चीज बनवणारा, पोरगा १९१७ ला पेट्रोग्राडमधून मेटलर्जीचा इंजिनिअर झाला आणि पुढे १९२२ मध्ये थेट काउंटर-इंटेलिजन्सचा, म्हणजे शत्रूचे हेर पकडणाऱ्या खात्याचा प्रमुख!

सगळ्यात भारी भाग ‘ट्रस्ट’चा. म्हणजे झारवाल्यांची एक खोटी भूमिगत संघटना सोव्हिएतांनीच चालवायची आणि परदेशात पळालेल्या विरोधकांना वाटत राहायचं की आत आपलीच माणसं बसलीयेत. ब्रिटिश गुप्तहेर सिडनी रायली याच जाळ्यात अडकला, सप्टेंबर १९२५ मध्ये फिनलंडची सीमा ओलांडून स्वतःच्या पायांनी चालत आला आणि नोव्हेंबरमध्ये त्याला गोळी घातली. सोव्हिएतांचा कट्टर विरोधक साविन्कोव्ह, त्याला त्याआधी १९२४ मध्ये तसल्याच दुसऱ्या बनावट संघटनेने गंडवलेलं.

पण वाचणाऱ्याने वाट लावली राव. एका चॅप्टरला आर्तुझोव, पुढच्याला अर्तूसोव, मी दहा मिनिटं हा नवीन माणूस कोण म्हणून मागे जाऊन ऐकत बसलो. त्यात अ‍ॅप मध्येच बंद पडतं आणि परत पहिल्यापासून, कस्टमर केअरचं उत्तर अजून यायचंय.

शेवट घाईत उरकलाय. १९३७ च्या मे महिन्यात आपल्याच लोकांनी उचलला, ऑगस्टमध्ये गोळी, १९५६ ला निर्दोष ठरवला, हे सगळं पाच मिनिटांत?? इथेच तर खरं ऐकायचं होतं. तरी ट्रस्टवाल्या भागासाठी घ्याच, फक्त स्पीड १.२५ वर ठेवा.