झिजलेल्या ठशाच्या नावाखाली विकलेल्या तीन शिवराया

गेली अकरा वर्षं मी दुदांडी शिवराई गोळा करते आणि त्यातही झिजलेल्या, तडकलेल्या ठशांची. शिवराई म्हणजे मराठ्यांचं तांब्याचं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'; ओळींमध्ये दुहेरी रेघ असली की ती दुदांडी. ठसा म्हणजे घण मारून नाण्यावर मजकूर उमटवायचं कोरलेलं साधन. साधी दुदांडी काही शे रुपयांत मिळते. मला ओढ असते ती एकाच ठशाच्या वेगवेगळ्या टप्प्यांची. पेशवाईत खाजगी टांकसाळींतही ही नाणी पाडली जात. एकच ठसा मोडेपर्यंत वापरलेला दिसतो. पहिल्या नाण्यावर 'छत्र' ठसठशीत उमटतं, पुढच्यावर अक्षरं पसरट होतात, मग ठशाला तडा जातो. तड्यात तांबं शिरतं, म्हणून नाण्यावर ती रेघ उठून दिसते आणि नाण्यागणिक लांबते. अशी दोन नाणी शेजारी ठेवली की त्या टांकसाळीतला घण ऐकू येतो.

माझी ही ओढ ओळखूनच त्या विक्रेत्यानं मला गाठलं. मागच्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका नाणे प्रदर्शनात त्यानं ट्रेखालून डबी काढली. "ताई, एकाच ठशाच्या तीन आहेत, बघा ठसा कसा झिजत गेलाय." फलटणकडच्या शेतात एकत्र सापडल्या म्हणाला. तिथेच मी थांबायला हवं होतं. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर 1878 च्या कायद्यानुसार कलेक्टरला कळवावं लागतं, हे मला पाठ आहे. पण समोर पहिली ठळक, दुसरी मऊ, तिसरी जवळजवळ पुसलेली, आणि तिन्हींवर 'पति'च्या बाजूला तडा. साडेचौदा हजार रोख दिले. बिल मागितलं नाही.

घरी टेबलावर एका ओळीत मांडल्या, दिवा आडवा धरला. आधी दिसली कडेवरची खाच. घड्याळात चार वाजतात त्या जागी, तांदळाच्या दाण्याएवढी, तिन्हींवर. ठसा एक असू शकतो, पण ज्यावर तो मारतात ती तांब्याची कोरी चकती प्रत्येक वेळी वेगळी असते. तिची कड ठशातून येत नाही. दोन चकत्यांना एकाच जागी एकाच आकाराची खाच पडली हे मी योगायोग म्हणून मानलं असतं, तीन नाही.

मग बाकीचं आपोआप उलगडत गेलं. हातानं पाडलेल्या नाण्यात वरचा ठसा कारागीर हातात धरतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचा एकमेकींशी असलेला कोन दर घावाला बदलतो. मजकूरही कधी इकडे सरकतो, कधी तिकडे. इथे तिन्हींवर 'छ'चं डोकं तेवढंच कापलेलं आणि तिन्ही उलटल्यावर 'श्री' नेमकं एकाच दिशेला. वरच्या ठशावर घाव थेट बसतो, तो आधी जातो आणि बदलला जातो. माझ्या संग्रहात एक बाजू जुन्या ठशाची, दुसरी नव्या ठशाची, अशा बऱ्याच जोड्या आहेत. इथे दोन्ही बाजू सारख्याच बेतानं पुसट होत गेलेल्या.

सगळ्यात लागलं ते तड्याचं. अक्षरं विरत गेली, पण तडा तिन्हींवर तितकाच. झिजत चाललेल्या ठशाचा तडा वाढायलाच हवा.

व्हर्नियर कॅलिपर लावून व्यास मोजला: 20.9, 20.5, 20.2 मिलिमीटर. म्हणजे एका खऱ्या शिवराईचा साचा घेऊन पहिली ओतली, पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. ओतलेलं तांबं थंड होताना आक्रसतं आणि बारकावा दरवेळी थोडा हरवतो. मला विकलेली झीज ती हीच. भिंगाखाली अक्षरांच्या पोटात सुईच्या टोकाएवढे हवेचे खड्डे दिसले. हिरवा थर अॅसिटोनच्या बोळ्याला सगळा निघून आला, म्हणजे तो जुना गंज नव्हता, वरून लावलेला रंग होता.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "विकलं तेव्हा तुम्ही पाहूनच घेतलंत." कागद नव्हता, पुढे काही करता आलं नाही.

पैशापेक्षा मला दुःख याचं आहे की एरवी आम्ही पुसट नाण्याला दोष मानत नाही, पुसटपणातच त्याची गोष्ट वाचतो. त्याच सवयीचा वापर झाला. आता एकाच ठशाची म्हणून कुणी दोन नाणी दाखवली, तर मी अक्षरांकडे नंतर बघते. आधी कड बघते, मग नाणं उलटून कोन बघते, आणि हे पैसे देण्याआधी, त्याच्याच टेबलावर.

ही माळ तीनवर थांबली असेल असं मला वाटत नाही. चारच्या जागी खाच, 'छ'चं डोकं कापलेलं, 'पति'शेजारी तडा: अशी दुदांडी कुणी पुढे केली तर घेऊ नका.