उमरेड रोडची घोड्यांची रात्रीची इमर्जन्सी: टाकून दिलेल्या शिंगरासाठी फोन केला तेव्हाचा अनुभव

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे सांगते, पण आधी नावाचं बोलू. या सेवेचं नाव मी मुद्दाम टाकत नाहीये. तिथल्या डॉक्टर मॅडमनीच तशी विनंती केली, कारण मागे कुणीतरी नाव-पत्ता व्हॉट्सॲपवर फिरवला आणि मग लोक रात्री येऊन गेटला जनावर बांधून निघून जायला लागले, म्हातारी गाढवं काय, लंगडी खेचरं काय. उमरेड रोडच्या बाजूला आहे एवढं पुरे. नागपुरात घोडे ठेवणाऱ्या कुणालाही किंवा मोठ्या जनावरांच्या डॉक्टरला विचारा, नंबर लगेच मिळतो.

तर झालं असं की ऐन लग्नसराईत, थंडी मी म्हणत होती तेव्हा, बेसा-पिपळ्याकडच्या एका मोकळ्या प्लॉटवर शिंगरू पडलेलं दिसलं. नाळेचा तुकडा अजून ओला होता म्हणजे एखाद-दोन दिवसांचंच असणार, आणि चार कुत्री गोल करून बसलेली. कॉलनीतल्या पोट्ट्यांनी कुत्री हाकलली आणि मी फोन लावत सुटले. एका प्रायव्हेट क्लिनिकने सांगितलं आम्ही फक्त कुत्रे-मांजरी पाहतो, दुसरीकडे सकाळी दहाला घेऊन या म्हणाले. तीसेक किलोचं, श्वास मोजायला लागावा अशी अवस्था असलेलं जनावर सकाळी दहापर्यंत टिकणार कसं? शेवटी ओळखीच्या एका घोडीवाल्या भाऊंनी हा नंबर दिला.

आणि खरं सांगते, या सेवेला मी एवढे मार्क देऊन राहिली ते त्यांच्या गाडीसाठी नाही की औषधांसाठी नाही, फोनवरच्या त्या पहिल्या काही मिनिटांसाठी. कारण बहुतेक ठिकाणी काय होतं, येतो म्हणतात आणि फोन ठेवतात, आणि तेवढ्या वेळात आपण मायेपोटी काहीतरी करून बसतो. इथे फोन उचलणाऱ्या ताईंनी पहिला प्रश्न केला, आई आजूबाजूला आहे का ते टॉर्च मारून पाहिलं का? रात्री मोकळ्या सोडलेल्या घोड्या चरत-चरत लांब जातात, पिल्लू बसून राहतं, आणि लोक टाकून दिलं समजून उचलून नेतात. आम्ही पूर्ण प्लॉट आणि मागचा नाला पाहिला, घोडी नव्हती. मग उभं राहतं का, धुतलेलं बोट तोंडात दिलं तर चोखतं का, हिरड्या गुलाबी आहेत की पांढऱ्या की लालभडक. उभं राहत नव्हतं, बोट चोखत नव्हतं, जीभ गार लागत होती आणि हिरड्यांच्या कडेला विटकरी रंगाची रेघ होती. हे ऐकल्यावर ताईंचा आवाजच बदलला. दूध पाजू नका म्हणाल्या, एक चमचासुद्धा नाही.

इकडे आमच्या शेजारच्या काकू तोवर म्हशीचं दूध साखर घालून कोमट करून घेऊन आल्या होत्या. ताईंनी स्पीकरवरूनच त्यांना समजावलं, "काकू, तुमची माया समजते मले, पण आता घोटभर बी नका देऊ, छातीत जाईन त्याच्या." काकूंना आधी पटेना, मग ताईंनी कारण सांगितलं. थंड पडलेल्या पिल्लाचं आतडं कामच करत नाही, दूध पोटात तसंच पडून राहतं, आणि चोखायची-गिळायची ताकद नसेल तर दूध सरळ फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. त्यात म्हशीचं दूध म्हणजे फॅट भरपूर, घोडीच्या दुधात फॅट एकदम कमी आणि साखर जास्त, आणि ती साखरही दुधातली, आपल्या डब्यातली साखर एवढ्या लहान शिंगराला पचत नाही.

मग कामाला लावलं सगळ्यांना. आडवं पडू देऊ नका, पाय पोटाखाली घेऊन छातीवर बसवा आणि दोन्ही बाजूंनी रजयांचा टेकू द्या. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळूनच लावा, थेट चामडीला नको. अंगाखाली गवत नाहीतर पोती, नाळेला हात लावायचा नाही, नाकातून काही येत असेल तर ग्लोव्हजशिवाय तोंडाजवळ जायचं नाही. काकूंनी घरातल्या दोन गोधड्या आणल्या, त्यातली एक त्यांच्या सासूबाईंनी शिवलेली होती, ती चिखलात अंथरताना त्यांनी एकदाही विचार केला नाही.

गाडी यायला पाऊण तास लागला. मागून रॅम्प उघडणारी जुनी पिकअप, आत रबरी मॅट आणि सलाईन टांगायचे हुक. डॉक्टर मॅडम आणि सोबत एक वयस्क काका. काकांच्या वडिलांचा सीताबर्डीवर टांगा होता, त्यामुळे घोड्यांतच वाढलेला माणूस. त्यांनी शिंगराच्या कानाचं टोक चिमटीत धरलं, मग पाय खालून वर चाचपत गेले आणि म्हणाले, "मॅडम, गुडघ्यापर्यंत गार हाय." थर्मामीटर लावला तर ९५ फॅरेनहाइटच्याही खाली, या वयात ९९ ते १०२ पाहिजे असं मॅडम म्हणाल्या. कानाला सुई टोचून माणसांच्याच ग्लुकोमीटरवर थेंब टाकला, मशीनवर आकडाच आला नाही, नुसतं लो. नवजात शिंगराकडे चरबीचा साठा जवळजवळ नसतो, दर तासाला पाच-सात वेळा आईला लुचणारं पिल्लू ते, काही तास उपाशी राहिलं की साखर एकदम खाली येते. तिथेच, गाडीच्या लाइटमध्ये, मानेच्या शिरेत कॅथेटर (बारीक नळी) घालून कोमट डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, सुरू केलं. थोड्या वेळाने त्याने शेपटी हलवली, अगदी बारीक, आणि काकूंनी हात जोडले.

मी गाडीच्या मागे-मागे गेले, थांबू दिलं मला. पत्र्याच्या शेडमध्ये एक बंदिस्त खोली, दोन हीट लॅम्प, जाड भुसा, बस. पण काम काय शिस्तीत! प्रत्येक गोष्ट करताना मॅडम का करतो ते सांगत होत्या, आणि जगेल की नाही असं विचारलं तर गोड बोलल्या नाहीत, आज रात्र काढली तर उद्या बोलू म्हणाल्या. मला हे आवडलं. खोटा धीर देणारे खूप भेटतात.

मुख्य काळजी होती चिकाची, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या दुधाची. शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारं (अँटिबॉडी) जवळजवळ काहीच नसतं, सगळं आईच्या चिकातून येतं, आणि तो चीक पहिल्या सहा ते बारा तासांत पोटात गेला तर उपयोग, चोवीस तासांनंतर आतडं ते शोषून घेणंच बंद करतं. म्हणजे आमच्या पोराला चीक मिळालाच नसेल तर आता जगातला सगळा चीक आणून पाजला तरी व्यर्थ, आता द्यायचा तर शिरेतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला लाल पेशी काढून उरलेला पातळ भाग. त्यासाठी त्यांच्याकडे खच्ची केलेला एक म्हातारा पांढरा घोडा आहे, त्याचंच रक्त घेतलं. घोडी का नाही असं मी विचारलं, तर व्यायलेल्या घोडीच्या रक्तात कधी कधी दुसऱ्या घोड्यांच्या रक्तपेशींविरुद्धच्या अँटिबॉडी असतात, त्या नकोत. पिशवी उंच टांगून ठेवली आणि माझ्या डोळ्यांसमोर लाल भाग खाली बसत गेला आणि वर पिवळसर पाणी सुटलं. घोड्याच्या रक्तातल्या लाल पेशी फार लवकर खाली बसतात, म्हणून मोठ्या मशीनशिवायही प्लाझ्मा काढता येतो. दोघांच्या रक्ताचा मेळ आधी तपासला, मग आधी थेंब-थेंब सोडला आणि अंगावर गांध्या येतात का, थरथर होते का, हे पाहत मॅडम बाजूलाच बसून राहिल्या.

दूध सुरू झालं ते अंग गरम झाल्यावर, आणि तेही नळीने. नाकातून नळी घालताना काकांचा हात मानेच्या डाव्या बाजूला होता, नळी अन्ननलिकेतून खाली सरकताना तिथे हाताला लागते, लागली नाही तर श्वासनलिकेत गेली समजायचं आणि काढायची. मग वर फनेल लावून शेळीचं दूध आपोआप उतरू द्यायचं, पिचकारीने ढकलायचं नाही. आजारी शिंगराला दिवसाला वजनाच्या दहा टक्के दूध, म्हणजे याला तीन लिटर, दर दोन तासांनी पाव-पाव लिटर, रात्रभर. नाळेला क्लोरहेक्सिडीन, अँटिबायोटिक, धनुर्वाताची काळजी (घोड्यांना धनुर्वात फार पटकन होतो), आणि पोटात काळा मळ अडकला होता त्याला एनिमा. तो मळ सुटला तेव्हा शेडमधल्या सगळ्यांना इतका आनंद झाला की मला आधी कळेचना काय झालं.

आता अर्धा स्टार. पहिलं, रक्तातल्या अँटिबॉडी मोजायची झटपट किट त्यांच्याकडे नव्हती, नुसत्या टोटल प्रोटीनवर अंदाज बांधला. प्लाझ्मा कामी आला पण अशा सेवेत ती किट हवीच. दुसरं, पहिल्या रात्रीचं बिल साडेसहा हजार झालं, पैसे जास्त नाहीत, मला तर कमीच वाटले, पण ते एका साध्या कागदावर एकूण आकडा लिहून मिळालं, कशाचे किती ते दुसऱ्या दिवशी मागितल्यावर कळलं. आम्ही कॉलनीत वर्गणी काढली होती, लोक हिशोब विचारतात, त्यांना काय दाखवायचं? तिसरं म्हणजे गरम खोली एकच. त्याच आठवड्यात वीटभट्टीवरून गाढवाचं आजारी पिल्लू आलं असतं तर कुठे ठेवलं असतं?

नंतर एक सांधा सुजला. नाळेतून जंतू रक्तात शिरले की ते सांध्यात जाऊन बसतात, लंगडणारं शिंगरू म्हणजे आईचा पाय पडला असेल असं समजून सोडून द्यायचं नसतं, ती इमर्जन्सी असते. रोज सगळे सांधे हाताने चाचपून पाहत होते म्हणून पहिल्याच दिवशी सापडला, धुवून काढला. अजून थोडं अवघडून चालतं पण चालतं.

आणि मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट. जरा बरं वाटल्यावर आम्ही सगळे बाटली घेऊन त्याला पाजायला आणि फोटो काढायला उत्सुक, तर काकांनी बाटली बंद करून टाकली. बादलीतून प्यायला शिकवलं, आणि शेजारच्या कप्प्यात एक शांत म्हातारी घोडी आणून ठेवली. माणसाच्या हातावर वाढलेलं शिंगरू माणसालाच आपल्यातलं समजतं, लहानपणी अंगावर उड्या मारतं ते गोड वाटतं, तीनशे किलोचं झाल्यावर तेच करतं तेव्हा हाड मोडतं, मग त्याला कोणी ठेवत नाही. "घोड्याले घोडंच शिकवते, आपण फक्त जगवाचं," असं काका म्हणाले. त्या घोडीची ताजी लीदही तो खाताना दिसला, मी घाबरले, तर ते नॉर्मल असतं म्हणे, त्यातून पोटातले चांगले जंतू मिळतात. मालक सापडला नाही. नर आहे, आणि वरातीला मागणी घोडीला, म्हणून सोडला असेल असा काकांचा अंदाज. पोलिसात तक्रार दिली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकणं हा त्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती तर १० ते ५० रुपये. एवढ्यात सीताबर्डीला दोन प्लेट तर्री पोहेसुद्धा येत नाहीत. माझा हे वाचून संताप झाला आणि अजूनही होतो.

ज्यांना लागेल त्यांच्यासाठी. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर १९६२ आहे, तो सेव्ह करा, आणि दिवसा असेल तर सेमिनरी हिल्सचं व्हेटर्नरी कॉलेजही आपल्याच शहरात आहे. इथे न्यायचं असेल तर आधी फोन कराच, कारण बाहेरून आलेलं प्रत्येक जनावर ते आधी वेगळं ठेवतात. ग्लँडर्स नावाचा रोग माणसालाही होतो आणि त्याची सरकारला खबर देणं बंधनकारक आहे, आमच्या शिंगराचंही सॅम्पल हरियाणात हिसारच्या अश्व संशोधन केंद्राकडे पाठवलं होतं, निगेटिव्ह आलं.

मदत करायची असेल तर त्यांना सध्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, जुन्या रजया आणि शेळीच्या दुधाचा रोजचा माणूस हवा आहे. गायी-वासरांचं तयार खाद्य उरलंय म्हणून नेऊन देऊ नका, त्यातल्या काहींमध्ये मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं आणि ते घोड्याला विष आहे. लसूणघास नेणार असाल तर किती आणू ते विचारून न्या, एकदम खूप हिरवं खाल्लं की घोड्याचं पोट दुखतं. भेटायची वेळ संध्याकाळी चार ते सहा, चप्पल गेटवर काढून त्यांचे गमबूट घालावे लागतात, आणि लहान मुलांना शेडच्या आत सोडत नाहीत.