साबणासाठी रेशीम: टसरचा पेळू, तुतीचा कोष की बाटलीतलं ‘सिल्क’?

कोल्ड प्रोसेस साबणात (तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळून, न शिजवता केलेल्या) घालण्यासाठी रेशीम तीन रूपांत विकत मिळतं. एक, पिंजून सरळ केलेला टसरचा, म्हणजे रानातल्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या रेशमाचा, पेळू. दोन, कापून आतला किडा काढून टाकलेले तुतीच्या रेशमाचे कोष. तीन, पाण्यात मिसळणारं पावडर किंवा द्रव ‘सिल्क’. चौथं रूप दुकानात नसतं, पण हात आधी तिकडेच जातो: जुन्या पैठणीची कात्रणं. त्यांचा हिशेब पुढे आहेच.

निकाल आधीच सांगून टाकतो: बिनरंगी टसरचा पेळू घ्यावा. साबणाला लांब, अखंड धागा नकोच असतो, कारण तो लायमध्ये, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, विरघळूनच जाणार आहे. त्यामुळे ‘प्रीमियम लांब तंतू’ असं लिहून दुप्पट भाव लावलेल्या पाकिटात आणि कताईतून उरलेल्या चुऱ्यात साबणाच्या दृष्टीने काही फरक नाही. पतंग बाहेर पडल्यावर भोक पडलेले कोषही तेवढंच काम करतात. अहिंसक रेशीम हवं असलेल्यांची त्यामुळे सोय होते.

रेशमात मुख्यतः दोन प्रथिनं असतात. बाहेरचा डिंक म्हणजे सेरिसिन, आतला तंतू म्हणजे फायब्रॉइन. सेरिसिन गरम साबणाच्या पाण्यातही सुटतं, विणकर धागा उकळून तेच काढतात. फायब्रॉइन मात्र तेवढ्याने हलत नाही. त्याला तीव्र अल्कली लागते आणि तीही कडकडीत गरम. साबणात रेशीम फसतं ते बहुतेक वेळा याच जागी. माल खोटा नसतो, लाय गार झालेली असते.

१ किलो तेलाचं माप असं: खोबरेल ३०० ग्रॅम, ऑलिव्ह ६०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम. ५ टक्के सुपरफॅट (सोड्याशी न जुळता साबणात मोकळं राहणारं जास्तीचं तेल) धरून कॉस्टिक सोडा १४१ ग्रॅम, पाणी २८२ ग्रॅम. रेशीम फक्त १ ग्रॅम, म्हणजे सैल पिंजलेला लिंबाएवढा पुंजका. स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमला भरवशाचा नसतो, सोनारकामाचा छोटा काटा वापरावा.

पेळू कात्रीने अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे होतील असा कापायचा आणि बोटांनी सोडवायचा. न कापता टाकला तर त्याची दोरी वळते, बाहेरून विरघळते आणि आत गाठ राहते. तुकडे आधी मापातल्या पाण्यात भिजवून घ्यायचे. मग हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, आणि सोडा थोडा थोडा पाण्यात. पाणी सोड्यात कधीच ओतायचं नाही. भांडं स्टीलचं किंवा जाड पॉलीप्रॉपिलीनचं हवं. ॲल्युमिनियमचं पातेलं या कामाला चालतच नाही, लाय ते खाते आणि हायड्रोजन सुटतो. सोडा पडला की मिश्रण ८०-९० अंशांपर्यंत तापतं आणि तंतू मऊ पडून दिसेनासे होतात. दर दोन-तीन मिनिटांनी ढवळत अर्धा तास द्यावा. टसर असेल तर लाय फिकट पेंढ्याच्या रंगाची होते आणि किंचित ओल्या लोकरीसारखा वास येतो. दोन्ही ठीकच. शेवटी स्टीलच्या बारीक गाळणीतून लाय तेलात ओतायची. गाळणीवर काही उरलं तर ते फेकून द्यायचं, साबणात ढकलायचं नाही. न विरघळलेल्या तंतूंची गुठळी वडी कापताना तारेला अडकते आणि अंगाला टोचते.

लहान घाण्यात हे सगळं हमखास बिघडतं. २०० ग्रॅम तेलाला पाणी जेमतेम ५६ ग्रॅम. एवढीशी लाय पाच-सात मिनिटांत कोमट होते. अशा वेळी भांडं सुरुवातीपासूनच उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवावं. मायक्रोवेव्हमध्ये लाय गरम करण्याचा उद्योग करू नये. साबण पांढराशुभ्र यावा म्हणून बर्फावर लाय करणाऱ्यांनी तर रेशमाचा नादच सोडावा.

शेळीच्या दुधाच्या साबणात दूध गोठवून लाय करतात, तिथेही हीच अडचण. वाट अशी: वरच्या मापात १४१ ग्रॅम पाण्यात १४१ ग्रॅम सोडा विरघळवायचा, अगदी सावकाश, कारण हे मिश्रण फारच तापतं. रेशीम त्यातच घालायचं. उरलेल्या पाण्याऐवजी तेवढंच दूध तेलात मिसळायचं. दूध करपत नाही आणि तंतूही विरघळतो.

जास्त घातलं तर जास्त मऊ, असं नसतं. १ ग्रॅम रेशीम पुरतं तुटलं तरी सुमारे अर्धा ग्रॅम सोडा खाईल. १४१ ग्रॅममध्ये ते कुठे दिसतही नाही, त्यामुळे माप बदलायला नको. पण कुणी हौसेने १० ग्रॅम टाकलं तर ५ ग्रॅमपर्यंत सोडा त्यातच जाईल, सुपरफॅट ५ वरून ८ टक्क्यांच्या पुढे सरकेल, आणि वास येईल तो वेगळा.

टसर की तुती? विदर्भात कोसा म्हणतात तो टसर ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेल्या किड्यांचा. आरमोरी, नागभीड, आंधळगाव या भागात कोशाचं आणि विणकामाचं काम चालतं. तिथला हातकताईचा चुरा मिळाला तर ऑनलाइन पाकिटांकडे बघायलाही नको. फक्त तो बिनरंगी आहे याची खात्री करावी. अख्खा टसरचा कोष मात्र घेऊ नये. तो लाकडासारखा कडक असतो आणि त्यात टॅनिन असतं, लाय गढूळ तपकिरी होते.

तुतीचा कोष पांढरा, पातळ, लवकर विरघळणारा. साबणाचा रंग जराही बदलू नये असं असेल तर हाच. एका रिकाम्या कवचाचं वजन साधारण पाव ते अर्धा ग्रॅम, म्हणजे १ किलो तेलाला दोन ते चार कोष पुरे. चेहऱ्यावर चोळण्यासाठी म्हणून टोक कापलेले कोष विकतात तेही चालतात, पण आत बोट फिरवून पाहावं. किड्याची साल चिकटलेली असेल तर तिचा वास लायमध्ये उतरतो. जालन्याच्या कोष बाजारात शेतकरी आणतात तो ताजा माल किड्यासकट असतो, तो थेट घरी आणून उपयोग नाही.

बाटलीतलं सिल्क म्हणजे आधीच तोडलेली प्रथिनं. सोय मोठी: लाय थंड असली तरी चालतं, ट्रेसला (मिश्रण दाट होऊ लागतं तेव्हा) घालता येतं, आणि मेल्ट अँड पोअर बेससाठी (वितळवून साच्यात ओतायच्या तयार साबणासाठी) तर दुसरा पर्यायच नाही. पण द्रवात बहुतांश पाणी असतं. १ किलो तेलाला १० ग्रॅम घातलं तर तेवढं पाणी मापातून कमी करावं. पावडर पावसाळ्यात ओल धरून तिचा खडा होतो. गरम लाय करणाऱ्या माणसाने यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ दिसत नाही.

आता पैठणी. रंग लायमध्ये सुटतो आणि कोणता होईल याचा नेम नसतो. जरतार खरी असो वा नकली, धातू साबणात नको. तांब्याचा अंश तेल खवट करतो आणि वडीवर नारिंगी ठिपके उठतात. शिवाय ‘सिल्क’ म्हणून घेतलेली कित्येक कापडं पॉलिस्टर किंवा रेयॉनची असतात, ती विरघळतच नाहीत. शंका असेल तर एक धागा जाळून पाहावा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. पॉलिस्टरचा कडक मणी होतो, रेयॉनला कागद जळल्याचा वास येतो. पाकिटातल्या पेळूवरही हीच परीक्षा करावी.

फरक काय पडतो? फेसाला निसरडेपणा येतो, वडी हातातून जरा रेशमासारखीच सुटते, कापलेल्या कडेला बारीक चमक दिसते. ऑलिव्ह जास्त असलेल्या साबणात हे जाणवतं. खोबरेल ७०-८० टक्के असेल तर तो कोरडेपणा रेशीम झाकू शकत नाही. ‘त्वचेला प्रथिनांचं पोषण’ ही पाकिटावरची भाषा सोडून द्यावी. हजारात एक भाग असलेली आणि मिनिटभरात धुऊन जाणारी गोष्ट पोषण करत नाही. साबण कुणाला देणार असाल तर रेशीम घातल्याचं स्पष्ट लिहावं. काहींना रेशमाची ॲलर्जी असते, आणि कोष उकळून काढलेलं रेशीम कित्येकांना चालत नाही.

२५ ग्रॅमचं पाकीट २५ किलो तेलाला पुरतं, म्हणजे घरगुती घाण्यांना वर्षभर सहज. तेवढ्या काळात उघड्या पिशवीतल्या रेशमाला कसर लागते, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत कडुनिंबाच्या वाळल्या पानांबरोबर ठेवावं. डांबरगोळी नको, तिचा वास रेशमात मुरतो आणि तिथून साबणात येतो.