नाल नाही, लोखंडी लगाम नाही: नागपूरच्या काटोल रोडवरची रपेट

बारा वर्षांच्या पोरीला घोड्यावर बसायचं होतं. आधीच्या ठिकाणी घोडे दिवसभर दावणीला. एक तर उभ्याउभ्या लाकूड कुरतडत होता. ते पाहून तीच म्हणाली, "बाबा, इथं नको."

काटोल रोडला गावाबाहेरचा हा तबेला वेगळा निघाला. पाच घोडे दिवसभर मोकळे, कडुनिंबाखाली एकमेकांची मान खाजवत. जाळीतून वाळलं गवत सतत मिळतं, चंदी म्हणजे दाणा बेतानंच. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास सुटतं, पोट रिकामं राहिलं की अल्सर होतो, हे तिथल्या भाऊंनी समजावलं. नाल ठोकत नाहीत; दर सहा-सात आठवड्यांनी खूर तासतात. काठेवाडी घोडीचा पाय उचलून तळव्यातली बेडकी, म्हणजे खुराखालचा मधला त्रिकोणी भाग दाखवला, रबरासारखा लवचीक. तोंडात लगामाची कडी नाही, घोडी नाकपट्टीवरच वळते.

पहिल्या दिवशी पोरीला बसूच दिलं नाही! तासभर खरारा, म्हणजे घोडीचं अंग घासणं, आणि दोरी धरून चालणं. पैसे पूर्ण घेतले, तेव्हा मी मनात चरफडलो. तिसऱ्या रविवारी घोडी फाटकापर्यंत आपणहून आली, तेव्हा गप्प बसलो.

तक्रारी आहेतच. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल घोट्यापर्यंत, त्यात खुरं सडू नयेत म्हणून मुरूम टाकायला हवा. निम्म्याच आवारात टाकलाय. हेल्मेट मोठ्यांच्याच मापाची, आपलं न्या. उन्हाळ्यात सकाळी सहालाच पोचा, आठनंतर ते घोड्यावर खोगीर चढवत नाहीत बाप्पा, कितीही विनवा.